दातांवरच्या चौकटी

बस सिग्नलला थांबली आणि मला माझी मुलगी दिसली. रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानासमोर, मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहून ती हसत होती. डोकं मागे टाकून, एकीच्या दंडाला धरून, पडता पडता सावरत, चांगलं तोंड उघडं टाकून हसत होती. एवढ्या लांबून आवाज ऐकू यायचा प्रश्नच नव्हता, पण तो आवाज मला पाठ आहे, त्यामुळे ऐकू आल्यासारखाच वाटला. मला एकदम बरं वाटलं. मांडीवर कामाचा डबा होता, त्यात कुणाचे तरी पुढचे दात कापसात गुंडाळून ठेवलेले. तो एका हाताने सांभाळत मी दुसऱ्या हाताने काच सरकवली आणि हाक मारली, "भिंगरी!" लहानपणी ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही, तेव्हापासून घरात तिचं हेच नाव. तिने वर बघितलं. मी दिसलो तसा तिने एक हात हलवला, आणि त्याच क्षणी दुसरा हात तोंडावर नेला. ओठ मिटले. मग तो हात खाली घेऊन मिटल्या ओठांनी ती माझ्याकडे बघून हसली, जिन्यात शेजारी भेटल्यावर हसतात तशी. सिग्नल सुटला. मी मान वळवून बघत राहिलो, तर बस जरा पुढे गेल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी हसायला लागली होती.

एवढंच झालं. सांगायला गेलं तर काही झालंच नाही. पण पुढचा सगळा रस्ता मला तो तोंडावर गेलेला हातच दिसत राहिला. शेजारच्या बाई "खिडकी लावता का जरा" म्हणाल्या, तर मी "हो हो" म्हणून आणखीच उघडली. गेले काही महिने घरात आमची समजूत अशी होती की दात सरळ करायला लावलेल्या तारा काढल्यावर तिच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग निघाले, त्यांची तिला लाज वाटते, म्हणून तिचं हसणं बंद झालंय. वाईट वाटायचं, पण ते सरळ वाईट वाटणं होतं. डाग गेले की हसू परत येईल, मामला संपला. आता कळत होतं की हसू कुठे गेलेलंच नाही. ते रस्त्यावर, दुकानासमोर, चारचौघांत, डागांसकट मजेत चाललंय. माझ्यापुरतं बंद आहे. मला वाटलं उतरावं, मागे चालत जावं आणि विचारावं, का गं? पण असलं काही विचारता येत नाही. डबा डॉक्टरांकडे वेळेत पोचायला हवा होता, खुर्चीत कुणीतरी बिचारं पुढच्या दातांविना बसलं असणार. मी बसून राहिलो.

मी दात करतो. म्हणजे डॉक्टर नाही. डॉक्टर माणसाच्या तोंडात काम करतात, मी टेबलावर. ते मापं पाठवतात, आम्ही लॅबमध्ये त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततो आणि त्या जबड्यांवर कॅपा, कवळ्या, पुढच्या दातांवर बसवायची पातळ टोपणं बनवतो. रंग जुळवणं ही माझी खासियत. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. दात पांढरा नसतो. मुळाशी तो पिवळसर, मध्ये सायीच्या रंगाचा, टोकाला निळसर करडा आणि जवळजवळ आरपार. वर्षानुवर्षं हेच बघून डोळ्यांना वाईट खोड लागलीय. माणूस बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघतो, आणि ऐकायचं राहून जातं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पाण्याच्या टाकीबद्दल मला काय काय समजावलं ते आठवत नाही, त्यांच्या उजव्या सुळ्याचा रंग आठवतो. बायको चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे बोट घालून "टोचत नाही ना?" विचारायचं, यात तिचा दिवस जातो. भिंगरी लहान असताना पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे आई डोळे बघते आणि बाबा दात बघतो." पाहुणे विचारायचे, "आणि तुझ्याकडे कोण बघतं?" तर म्हणायची, "मीच बघते, आरशात." सगळे हसायचे. मीही हसायचो.

ज्या दिवशी तारा निघायच्या होत्या त्या दिवशीही आम्ही हसत हसतच गेलो होतो. आठवडाभर तिने घर डोक्यावर घेतलं होतं. केवढं सोसलं होतं पोरीने. तार आवळून आणली की पुढचे दिवस नुसतं पातळ पिऊन काढायचे, गालाला आतून ओरखडे, रुतणाऱ्या ब्रॅकेटवर, म्हणजे दाताला चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या चौकोनी तुकड्यावर, मेणाची गोळी चिकटवून शाळेत जायचं. डॉक्टरबाईंचं काम आमच्याच लॅबमध्ये येतं, त्यामुळे मला आत बसू दिलं. पकडीत धरून एकेक ब्रॅकेट कट्‌ करून निघाला. चिकटवलेलं सिमेंट खरवडून झालं, पॉलिश झालं, मग बाईंनी हवेच्या नळीने दात कोरडे केले. "गुळगुळीत! आई गं, किती गुळगुळीत!" म्हणत ती जिभेने दात चाचपत होती. आणि मी उजेडात बघितलं. वरच्या पुढच्या दातांवर जिथे ब्रॅकेट होते तिथे प्रत्येक ठिकाणी एक स्वच्छ चौकोन, आणि त्या चौकोनाभोवती खडूने आखावी तशी पांढरीफटक चौकट. कडेच्या दातांवर नुसतेच ढग. ती माझ्याकडे वळली आणि हसली. इतक्या काळाने तारांशिवायचं पहिलं हसू, आणि ते तिने मला दिलं. मी काय करावं? मी तिची हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला, खिशातून शेडची पट्टी काढली. नमुन्याचे दात ओळीने लावलेली ही पट्टी माझ्या खिशात पेनासारखी असतेच. ती तिच्या दाताला लावली आणि डॉक्टरबाईंना म्हणालो, "पट्टीत बसतच नाही हो. सगळ्यात फिक्या नमुन्याच्याही वर गेलंय." तिचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही, कारण मी दात बघत होतो. दात दिसेनासे झाले तेव्हा कळलं की ओठ मिटलेत.

"अहो, आत्ता हवा मारलीय मी," डॉक्टरबाई माझ्यावर उखडल्या. "कोरड्या दाताचा रंग बघतात का कधी? हे तुम्हाला मी सांगायचं?" बरोबर होतं त्यांचं. कोरडा पडलेला दात खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो, डाग तर दुप्पट दिसतात. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो. आणि तिथे तोंड उघडून मोकळा झालो. मग बाईंनी भिंगरीला नीट बसवून समजावलं. ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचा थर राहतो, त्यात आम्ल तयार होतं, ते दाताच्या कवचातलं खनिज ओढून घेतं. कवच वरून अखंड दिसतं, पण आतून जाळीदार होतं, आणि जाळीत उजेड विखुरला की ती जागा पांढरी दिसते. "मी घासायचे," ती हातामागून म्हणाली. तिचा हात तेव्हाच तोंडावर गेला होता. "घासायचीस गं राणी. त्या ब्रॅकेटच्या खाचेत ब्रश पोचतोय कुठे? बऱ्याच जणांना होतं," बाई म्हणाल्या. "आता घाई करायची नाही. हे क्रीम रोज रात्री घासून झाल्यावर लावायचं आणि थुंकायचं नाही. तोंडातली लाळच हळूहळू खनिज परत भरते. काही महिने जाऊ देत. जे डाग राहतील त्यांचं पुढे बघू." परत येताना ती बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि मी तिला क्रीममध्ये काय काय असतं ते सांगत राहिलो. ती हुं हुं करत होती. मला वाटलं, ऐकतेय.

डबा पोचवून घरी आलो तर ती अजून यायची होती. बायको स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून मधूनच केली.

"ती माझ्यासमोर हसत नाही."

"हो," बायको म्हणाली आणि ताटल्या लावत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"माझ्यासमोर हसते की. परवा तर ठसका लागेपर्यंत हसली."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तुझ्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे तपासणीला बसायचं. लग्नानंतर वर्षभर मीसुद्धा ओठ मिटूनच हसत होते. माझा तो एक दात तिरका आहे ना..."

"वरचा डावा, दुसरा," मी म्हणालो. "जरासा आत वळलेला."

तिने हातातली ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "हेच," ती म्हणाली. "अरे, आठवत नाही म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" मग तिला माझी दया आली असावी, कारण तिने माझ्या शर्टावरची प्लास्टरची पांढरी भुकटी झटकली आणि चहा ठेवला.

आता या वयात डोळे कुठे ठेवायचे ते शिकायचं म्हणजे कठीणच. भिंगरी आली, दप्तर टाकलं, टेबलाशी बसली, आणि मी ठरवून तिच्या कपाळाकडे बघायला लागलो. कपाळावर बघण्यासारखं काही नव्हतं. "काय झालंय?" तिने तळहाताआडून विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. मग मलाच राहवेना. "मघाशी मस्त हसत होतीस." तिने आईकडे बघितलं, आईने चहाकडे बघितलं. मग ती एकदम म्हणाली, "बाबा, मला टोपणं करून दे."

"कसली टोपणं?"

"ती तू करतोस ती. पुढच्या दातांवर बसवायची. लोकांना करून देतोस ना? मला पण दे. एकदम पांढरी, एक डाग नाही अशी. मग तू पण बघ खुशाल."

'मग तू पण बघ खुशाल' हे मला लागलं, पण मी धंद्याची भाषा बोलायला लागलो. मला तीच येते. "बाळा, टोपण बसवायचं तर आधी दात किसावा लागतो. किसलेला दात परत येत नाही. तुझे दात धड आहेत. कवचावर डाग आहेत एवढंच."

"एवढंच?" ती म्हणाली. "मग पट्टी कशाला लावलीस?"

मी चहा प्यायलो. गरम होता, तोंड पोळलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात चोर होता. मी तोंडाने नाही म्हणत होतो आणि माझा हात आतल्या आत तिची टोपणं करायला लागला होता. चिनीमातीची कुठली भुकटी, टोकाला किती निळं, कडांना किती गोलाई. आयुष्यभर परक्यांच्या तोंडात माझं काम गेलं. कोण कुठली माणसं, ती माझे दात घालून लग्नात मिरवतात, भांडतात, फळं चावतात, आणि मला ओळखतही नाहीत. घरात एक तोंड होतं, त्यात मी सगळ्यात सुंदर काम करून ठेवलं असतं. जित्याजागत्या, धडधाकट दातावर मशीन फिरवायची कल्पना मनात आली आणि माझ्या हाताला ती नकोशी वाटली नाही, याची मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे दाखवायची वेळ होती. या वेळी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो, पट्टी घरी ठेवून. बाईंनी बघितलं आणि खूश झाल्या. कडेच्या दातांवरचे ढग जवळजवळ विरले होते, क्रीम नेमाने लावलेलं दिसत होतं. मधल्या दातांवरच्या चौकटी मात्र तशाच होत्या, फिक्या पण तशाच. "यांना आता रेझिन पाजू," बाई म्हणाल्या. "आधी वरची कवचाची पातळ कातडी आम्लाच्या जेलने उघडायची, मग त्या जाळीत पाण्यासारखं पातळ रेझिन मुरवायचं आणि दिव्याने घट्ट करायचं. छिद्रं भरली की उजेड विखुरत नाही. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. थांब, तुला गंमत दाखवते." त्यांनी दात हवेने कोरडे केले. चौकटी लख्ख उठून दिसल्या. भिंगरीच्या हातात आरसा दिला आणि कापसाच्या बोळ्याने एका दातावर स्पिरिट लावलं. चौकट गेली. आमच्या डोळ्यांदेखत, पाण्यात साखर जावी तशी गेली. भिंगरी श्वास रोखून आरशात बघत होती. थोड्या वेळाने स्पिरिट उडालं आणि चौकट एकेका कोपऱ्याने परत आली. "रेझिनने साधारण एवढाच फरक पडेल, आणि तो टिकेल," बाई म्हणाल्या. मग शेजारच्या दातावर लावलं. तिथली गेली, पण पूर्ण नाही. वरच्या कोपऱ्यात तिळाएवढा पांढरेपणा राहिला. "हा खोल आहे. हा थोडा राहील. खोटं कशाला बोलू?" भिंगरीने आरसा उलटा करून मांडीवर ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "राहणारच असेल तर काय उपयोग? त्यापेक्षा टोपणंच बरी."

तेव्हा मी तिला म्हणालो, दात न किसता मी तुला नुसती घालून बघायची टोपणं करतो. दाताच्या रंगाच्या प्लास्टिकची, वरून अडकवायची. आरशात बघ. आवडली तर आपण पुढचं बोलू. घरी हे ऐकल्यावर बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं. तिला वाटलं असणार, गडी फितूर झाला. कदाचित झालोही होतो. मला काही करून तिच्या हसण्यात परत जागा हवी होती. मागच्या दाराने मिळाली तरी चालली असती.

सुटीच्या दिवशी लॅब रिकामी असते. खिडकीतून सकाळचा उजेड सरळ माझ्या टेबलावर येतो, रंगाच्या कामाला यासारखा उजेड नाही. तारा काढल्यानंतरच्या मापावरून ओतलेला तिचा प्लास्टरचा जबडा मी पुढ्यात घेतला. तारा लावण्याआधीचा तिचा जुना जबडाही फडताळात सापडला, तोही शेजारी ठेवला. जुन्यात तिचा सुळा पुढे चढलेला होता, दोन दात एकमेकांच्या अंगावर रेललेले. त्या सुळ्यामुळे ती हसली की वरचा ओठ एका बाजूला जरा अडकायचा आणि मग सुटायचा. कुणीतरी तिला त्यावरून चिडवलं आणि ती रडत घरी आली, म्हणून आम्ही तारा लावल्या होत्या. मी बोटाने तो प्लास्टरचा सुळा चाचपला. लहानपणी तिचा पहिला दुधाचा दात पडला त्या दिवशी ती माझ्या मांडीवर बसून होती, हातात दात, ओठाला रक्त, आणि विचारत होती की आता तू नवीन करून देणार का. मी म्हणालो, नाही गं, तुझा तूच येईल. तिला ते पटलं नव्हतं. घरात बाप दात करतो आणि आपला दात मात्र आपणच उगवायचा, हा तिला उघड उघड अन्याय वाटला होता. ते सगळं आठवत मी थर लावत गेलो. पहिला थर पिवळसर, मग साय, मग टोकाला निळं. कुंचला आपोआप चालतो. मन कुठेही असलं तरी हात आपली कामं ओळीने करतो, दिव्याखाली थर घट्ट करतो, पुढचा लावतो, कडा घासतो, चकाकी आणतो. किती वेळ गेला कळलं नाही. काम झालं तेव्हा मी ते उजेडात धरलं आणि मला वाटलं, इतकं जिवंत काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

ती दुपारी आली. मी तिला टेबलाजवळ बसवलं, टोपणं धुतली, आतून जराशी व्हॅसलीन लावली आणि तिच्या दातांवर हळूच अडकवली. ती आरसा घेऊन खिडकीशी गेली. मी पाठमोरा उभा राहिलो, हत्यारं पुसत बसल्याचं नाटक करत. मग तिचा आवाज आला, टोपणांमुळे बोबडा.

"बाबा, हे काय आहे?"

"काय?"

"इकडे ये. बघ."

मी गेलो. तिने तोंड वर केलं. मधल्या दातांवर, मी सकाळभर खपून केलेल्या नव्याकोऱ्या दातांवर, पांढऱ्या चौकटी होत्या. पुसट, बारीक, कोपऱ्यांत विरत गेलेल्या, अगदी हुबेहूब. खोल असलेल्या त्या एका डागाचा तिळाएवढा तुकडासुद्धा जागच्या जागी होता.

मी काही क्षण नुसता बघत राहिलो. मग लक्षात आलं. आमच्या कामात एकरंगी दात कधी करत नाहीत, तो लांबूनही खोटा दिसतो. शेवटच्या थराच्या आधी पांढऱ्या रंगाचा कुंचला फिरवून माणसाच्या दातावर जे असतं ते सगळं आम्ही घालतो, ढग, रेघा, ठिपके. माणसाच्या शेजारच्या दातावर बघायचं आणि तसं काढायचं. माझ्या हाताने इतकी वर्षं हेच केलं, आणि गेले काही महिने त्याने या पोरीच्या दातांशिवाय दुसरं काही मनापासून बघितलं नव्हतं. "अगं, ते... हातून गेलं. सवयीने," मी म्हणालो. "डाग घालायची सवय असते आम्हाला."

"डाग घालायची?"

"हो. त्याशिवाय खरा वाटत नाही."

"म्हणजे लोक तुला डाग घालायचे पैसे देतात?"

"तसंच म्हण."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नाकपुड्या थरथरल्या, खांदे हलले, आणि मग ती फुटली. पहिल्याच झटक्याला टोपणं उडून टेबलाखाली गेली. ती आरसा छातीशी धरून वाकून वाकून हसत होती, श्वास घ्यायला वर यायची, माझं तोंड बघायची आणि पुन्हा वाकायची. "डाग... डाग काढलेत... माझेच..." यापुढे तिला बोलता येईना. हात तोंडावर गेला नाही. आरशामुळे अडकला होता म्हणा, किंवा विसरली म्हणा. तोंड पार दाढांपर्यंत उघडं होतं आणि मी तिच्या दातांकडे बघत नव्हतो. हसताना तिचे डोळे पूर्ण मिटतात आणि पापण्यांच्या कडेला पाणी येतं, हे मी बघत होतो. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच घरात वाढलेली मुलगी. मलाही हसू यायला लागलं.

शांत झाल्यावर तिने डोळे पुसले आणि टेबलाखाली वाकून टोपणं शोधून काढली. फुंकर मारून ती जबड्यावर ठेवली आणि निरखत बसली. "चांगली झालीत पण," ती म्हणाली. मग, जरा वेळाने, "मला नकोत." मी हत्यारं डब्यात ठेवायला लागलो. "ते रेझिनचं करू. जेवढं जाईल तेवढं जाऊ दे. तो कोपऱ्यातला राहिला तर राहू दे, मला आता तो पाठ झालाय." मी मान हलवली. तिला एकदम जवळ घ्यावंसं वाटलं, पण हत्यारं पुसून माझे हात रंगाने भरलेले होते आणि तिचा शर्ट चांगला होता.

मी खुर्चीत बसलो. ती समोर येऊन उभी राहिली आणि माझी हनुवटी धरली. तिची बोटं व्हॅसलीनने चिकट होती. माझा चेहरा तिने खिडकीकडे वळवला.

"आ कर," ती म्हणाली.

"मी? कशाला?"

"कर ना. मी कधी बघितलेच नाहीत तुझे."

माझे ओठ आपोआप घट्ट मिटले. मला वाटलं नव्हतं इतकी लाज वाटली. चहाने रंगलेले, खालचे दोन वाकडे, मागे काय चाललंय देव जाणे. मी स्वतःचं तोंड कधी कुणाला दाखवलेलं नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. दुपारच्या त्या उजेडात काही लपणार नव्हतं. पण तिने हनुवटी सोडली नाही, आणि मी तोंड उघडलं. ती वाकली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. ती काहीही न बोलता वर बघत होती, मग खाली, मग आत. मी छताकडे बघत राहिलो. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी होतं तसं मला होत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "इथे मागच्या दाढेला चीर पडलीय. पार खालपर्यंत."

मला माहीत नव्हतं. आणखीही काहीतरी ती सांगेल म्हणून मी वाट बघत राहिलो, रंग कसा आहे, वाकडे किती आहेत. तिने तसलं काही सांगितलं नाही. तिचा अंगठा माझ्या गालावर बाहेरून त्या दाढेच्या जागी येऊन थांबला, अगदी हलकेच, दाबला तर लागेल अशा भीतीने.

"दुखतं का रे?"

तारा आवळून आणल्यावर ती रात्ररात्र कूस बदलायची, आणि हे तिला मी एकदाही विचारलेलं नव्हतं. मी नाही म्हणालो, पण तोंड उघडंच होतं, त्यामुळे तिला ते नीट कळलं नसावं.